थडगं, समाधी, वीरगळ : अडचणीच्या जागी फोटो काढायचा तर लेन्स कोणती?

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालं की पिंपरी-चिंचवड, देहूरोड आणि तळेगावच्या पुढे वडगाव मावळ येतं. इथल्या सरकारी कचेरीच्या आवारात एका इंग्रज अधिकाऱ्याचं थडगं आहे. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट त्याचं नाव. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मराठ्यांशी लढताना तो मारला गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच इंग्रजांना वडगावला नमतं घेऊन तह करावा लागला. मराठ्यांनी स्टुअर्टचं 'इष्टुर' केलं आणि त्याच्या धाडसाला दाद म्हणून पुढे 'फाकडा' जोडलं. समोरच्या फौजेतल्या माणसाला असं कौतुकाचं नाव फार थोड्यांना मिळालं असेल.

अशा थडग्याचा फोटो काढायला गेलेल्या माणसापुढे इतिहासाआधी एक साधी अडचण उभी राहते. कचेरीचं आवार म्हटलं की भिंत आली, उभ्या गाड्या आल्या, खांब, तारा, सूचनांचे फलक आले. फोटोत दगड कमी आणि पसारा जास्त. मागे सरकावं तर मागे जागा नाही, पुढे जावं तर दगड वेडावाकडा दिसतो.

हीच गोष्ट या सगळ्या पट्ट्यात आहे. तळेगावला बनेश्वर मंदिराजवळ सरसेनापती खंडेराव दाभाडे यांची समाधी आहे. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे, तिथे चतुर्थीला पाय ठेवायला जागा नसते. चाकणच्या चक्रेश्वर मंदिराच्या आवारात जुनी भग्न शिल्पं मांडून ठेवलेली आहेत. आणि या भागातल्या जुन्या गावठाणांत, मारुतीच्या पाराशी किंवा भैरवनाथाच्या देवळामागे, एखादा वीरगळ नाहीतर सतीशिळा टेकवून ठेवलेली सापडते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-पिंपरीत कारखाने आले, पुढे चाकणही त्याच वाटेने गेलं. वस्ती वाढली, दगड जिथल्या तिथे राहिले. आता त्यांच्या एका बाजूला टपरी असते आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी.

आधी थोडक्यात उत्तर

एकच लेन्स न्यायची असेल तर साधी स्टँडर्ड झूम न्यावी. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४-७० किंवा २४-१०५, आणि क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्यासोबत आलेली १८-५५. दुसरी लेन्स घेण्याची ऐपत आणि इच्छा असेल तर ८५ मिमीच्या आसपासची. अल्ट्रा वाइड या कामासाठी घेऊ नये. मॅक्रो असेल तर छान, नसेल तर अडत नाही.

हे उत्तर अनेकांना निराश करणारं आहे, कारण १८-५५ला 'किट लेन्स' म्हणून नाकं मुरडण्याची पद्धत आहे. पण थडग्यांच्या फोटोत लेन्स किती भारी आहे यापेक्षा तुम्हाला उभं राहायला कुठे मिळतंय हे जास्त महत्त्वाचं ठरतं. आणि ती जागा तुम्ही ठरवत नाही, शेजारची भिंत ठरवते.

किती मागे सरकता येईल?

समजा दगड साधारण दीड मीटर, म्हणजे पाच फूट उंच आहे. वरखाली थोडी जागा सोडून चौकटीत १.८ मीटर उंची घ्यायची आहे आणि कॅमेरा उभा धरला आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर हिशेब अगदी सोपा होतो : लेन्सच्या मिलिमीटरला २० ने भागलं की किती मीटरवर उभं राहायचं ते कळतं. २४ मिमीला १.२ मीटर, ३५ ला पावणेदोन, ५० ला अडीच, ८५ ला सव्वाचार आणि २०० मिमीला चक्क १० मीटर. क्रॉप सेन्सरवर २० ऐवजी १३ ने भागायचं. म्हणजे १८-५५ची झूम दीड मीटरच्या आतल्या अंतरापासून सव्वाचार मीटरपर्यंतचं काम करते. गावठाणातल्या बोळात यापेक्षा जास्त अंतर तसंही मिळत नाही.

दगड छोटा असेल तर अंतर त्याच प्रमाणात कमी होतं. सूत्र हवं असेल तर असं : चौकटीत हवी असलेली उंची मीटरमध्ये, गुणिले लेन्सचे मिलिमीटर, भागिले ३६. क्रॉप सेन्सरला ३६ च्या जागी साधारण २४ धरा.

लेन्स विकत घेण्याआधी हे गणित त्या जागी जाऊन पावलांनी मोजून करावं. दगडापासून समोरच्या भिंतीपर्यंत पाच पावलं असतील तर ८५ मिमीला कशीबशी जागा आहे. तीनच असतील तर ती लेन्स घरी ठेवलेली बरी.

मागचा पसारा किती आत येणार?

आता खरा मुद्दा. दगड चौकटीत तेवढाच मोठा ठेवला, तरी मागचं दृश्य प्रत्येक लेन्समध्ये वेगळं दिसतं. वरच्याच दगडामागे ५ मीटरवर एक लांब भिंत आहे, तिच्यावर फ्लेक्स आहेत, खाली दुचाक्या उभ्या आहेत असं समजू. २४ मिमीने १.२ मीटरवरून फोटो काढला तर त्या भिंतीची जवळपास ६.२ मीटर रुंदी चौकटीत येते. ५० मिमीने अडीच मीटरवरून काढला तर ३.६ मीटर. ८५ मिमीने सव्वाचार मीटरवरून काढला तर २.६ मीटर. आणि २०० मिमीने १० मीटरवरून काढला तर फक्त १.८ मीटर.

म्हणजे २४ वरून ८५ वर आलं की पसारा निम्म्याहूनही कमी होतो. सहा दुचाक्यांच्या जागी दोन उरतात, आणि एक पाऊल डावीकडे सरकलं की त्या दोनही दगडाच्या आड जातात. लांब लेन्सचा मोठा फायदा हा आहे. चौकट अरुंद असल्यामुळे जरासं इकडेतिकडे सरकून मागची नको ती वस्तू बाहेर काढता येते. वाइड लेन्समध्ये एक वस्तू लपवली की दुसरी उघडी पडते.

यात एक गैरसमज नेहमी होतो. पर्स्पेक्टिव्ह बदलतो तो लेन्समुळे, असं मानलं जातं. तो बदलतो तुम्ही उभे आहात त्या अंतरामुळे. लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. त्यामुळे जागेवरच उभं राहून झूम फिरवत राहण्याला अर्थ नाही. आधी जमेल तेवढं मागे जायचं, मग दगड चौकटीत बसेल इतकी झूम लावायची.

'ब्लर करून टाकू' हे का पुरत नाही

सोशल मीडियावर याचं एकच उत्तर मिळतं : एफ १.८ची लेन्स घ्या, बॅकग्राउंड उडवा. झाडंझुडपं किंवा दूरची डोंगररांग असेल तर हे चालतं. पण आपल्याकडच्या पसाऱ्यात अक्षरं असतात, आणि अक्षरं चिवट असतात. ८५ मिमी लेन्सने एफ ४ वर वरच्या अंतरावरून फोटो काढला, तर मागच्या भिंतीवरच्या फ्लेक्सची १० सेंटीमीटर उंचीची अक्षरं धूसर होतात खरी, पण वाचताही येतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणाला आहेत ते कळतंच. एफ १.८ वर ती बरीच विरघळतात, तरी लाल-पिवळ्या रंगाचा धब्बा राहतोच आणि नजर आधी तिकडे जाते. रंग ब्लर होत नाही.

शिवाय उघडं ॲपर्चर दगडावरही उलटतं. ८५ मिमीला सव्वाचार मीटरवर एफ ४ लावलं तर साधारण ६० सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, म्हणजे दगड आरामात बसतो. एफ २ ला हीच खोली निम्मी होते. दगड थोडा कलता असेल (आणि जुने दगड कलतेच असतात) तर वरचा भाग किंवा खालचा भाग मऊ होऊ लागतो. नोंद म्हणून फोटो काढायचा असेल तर एफ ५.६ ते ८ यांच्या मध्ये राहावं.

मोबाईलचा पोर्ट्रेट मोड इथे सरळ बंद ठेवावा. तो माणसाचा चेहरा आणि खांदे ओळखण्यासाठी बनवलेला आहे. झिजलेल्या दगडाची कड कुठे संपते आणि मागची भिंत कुठे सुरू होते हे त्याला नीट कळत नाही. कडेचं कोरीवकाम तो मागच्या पसाऱ्यासोबत पुसून टाकतो, आणि फोटो छोट्या स्क्रीनवर सुंदर दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही.

मग पसाऱ्याचं करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काळं किंवा गडद करडं कापड आणि ते दगडामागे धरून उभा राहणारा मित्र. दोन मीटर रुंद, अडीच मीटर लांब सुती कापड पुरतं. चमकणारं सॅटिन नको. दुसरा उपाय कॅमेऱ्याची उंची बदलण्याचा. गुडघाभर उंचीचा दगड असेल तर कॅमेरा वर नेऊन किंचित खाली झुकवला की मागे भिंतीऐवजी जमीन येते, आणि जमीन बहुतेक वेळा भिंतीपेक्षा स्वच्छ असते. यात दगड खाली निमुळता होत गेल्यासारखा दिसतो, म्हणून हे लांब लेन्सने आणि थोडं दुरून करावं, म्हणजे झुकाव कमी लागतो. तारांचं जाळं डोक्यावर असेल तरी हाच उपाय.

पण पसारा सगळाच काढायचा नाही

इथे थोडं थांबायला हवं. हे दगड हलतात. रस्ता रुंद होतो तेव्हा वीरगळ उचलून देवळाच्या कडेला ठेवला जातो. देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा तो सिमेंटमध्ये बसवला जातो, कधी फरशीखाली जातो. शेंदूर लागतो, मग ऑइलपेंट लागतो, मग त्यावर टाइल्सची देवळी बांधली जाते. भक्तीने केलेलं असतं, त्यामुळे कोणाला दोषही देता येत नाही. पण दहा वर्षांनी कोणी विचारलं की हा दगड मुळात कुठे होता, कोणत्या दिशेला तोंड करून होता, शेजारी दुसरा होता का, तर उत्तर देणारं काही उरत नाही.

काळ्या कापडापुढे काढलेला देखणा फोटो ते उत्तर देऊ शकत नाही. ज्या फोटोत पाण्याची टाकी, देवळाचा कोपरा, रस्त्याचं वळण आणि विजेचा खांब आहे, तोच देऊ शकतो. म्हणून प्रत्येक दगडाचे किमान दोन फोटो लागतात. एक जवळपास ८५ मिमीचा, फक्त दगडाचा, वाचण्यासाठी. दुसरा २४ ते २८ मिमीचा, दगड आणि त्याचा सगळा शेजार दाखवणारा. झूम लेन्स न्या असं वर म्हटलं आहे ते यासाठीच. शिवाय चाकणच्या रस्त्यावर ट्रकमागून ट्रक जात असताना उघड्यावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ बोलावणं. आलेली धूळ नंतर प्रत्येक फोटोच्या आकाशात ठिपका बनून दिसते.

वीरगळाला लांब लेन्सच का

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराचं स्मारक. तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या कप्प्यात लढाई किंवा वीराचा मृत्यू, गाईगुरं राखताना मेला असेल तर तिथे गुरंही कोरलेली. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन जात आहेत. त्यावर वीर शिवलिंगाची पूजा करतो आहे. शिखरावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत ही कीर्ती राहो. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो.

या कप्प्यांच्या मधे दगडाची पट्टी थोडी पुढे आलेली असते. फोटोचा सगळा घोळ या पट्टीत आहे. दीड मीटर उंच वीरगळापुढे सव्वा मीटरवर, कॅमेरा मध्यावर धरून उभं राहिलं, तर सगळ्यात वरचा भाग ३० अंशांपेक्षा जास्त तिरका दिसतो. त्या कोनातून वरच्या कप्प्याखालची पट्टी मूर्तींचे पाय झाकते आणि खालच्या कप्प्यावरची पट्टी लढणाऱ्यांची डोकी. सव्वाचार मीटरवर गेलं की तोच कोन १० अंशांवर येतो आणि पट्टीआडचं बरंचसं काम उघडं होतं. वाइड लेन्सने काढलेला फोटो नंतर कॉम्प्युटरवर ताणून सरळ करता येतो, पण पट्टीमागे लपलेले पाय काही परत येत नाहीत.

बोरिवलीजवळच्या एकसर इथले वीरगळ यासाठी बघण्यासारखे आहेत. त्यांच्यावर जहाजांची लढाई कोरलेली आहे, वल्हवणाऱ्यांच्या ओळी आहेत, आणि काही दगड माणसाच्या उंचीहून बरेच मोठे आहेत. वाढत्या शहराने वेढलेल्या अशा जागी पुरेसं मागे जाणं शक्य नसेल तर वाइडने एक फोटो घेऊन थांबू नये. एकेक कप्पा वेगळा काढावा, प्रत्येक वेळी कॅमेरा त्या कप्प्याच्या उंचीला न्यावा. वरच्या कप्प्यासाठी स्टूल लागतं. लेन्स ५० मिमी असली तरी चालते. सगळे फोटो एकाच झूमवर, एकमेकांवर थोडे चढतील असे घेतले तर पुढे कोणी जोडूही शकतं.

कॅमेऱ्याचा पाठचा भाग दगडाला समांतर असला पाहिजे, ही अट मात्र सगळीकडेच. बहुतेक फोटो बिघडतात ते उभ्याने काढल्यामुळे. मांडी घालून बसावं.

जिथे मोबाईल जिंकतो

आडवी थडगी वेगळी. ख्रिस्ती दफनभूमीत किंवा कब्रस्तानात जमिनीलगत शिळा असते, मजकूर आकाशाकडे. बाजूने काढला तर अक्षरं चपटी होतात. इथे बरोबर वरून काढावा लागतो आणि वर जाण्याला मर्यादा असते. दोन मीटर लांबीच्या शिळेसाठी २४ मिमीला साधारण दीड मीटर उंची पुरते. ३५ ला दोन मीटरच्या वर लागते, ५० ला तीन. मोबाईलचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीच्या जवळपास असतो. तो सेल्फी स्टिकवर लावून शिळेच्या मध्यावर आडवा धरला की काम होतं. फक्त आपली सावली कुठे पडते ते बघावं. ०.५ वर मात्र जाऊ नये, ती अल्ट्रा वाइड लेन्स असते आणि कडेची अक्षरं ओढल्यासारखी येतात.

दुसरी जागा म्हणजे लोखंडी जाळी. समाधीभोवती जाळी असणं आपल्याकडे नेहमीचं. मोबाईलची छोटी लेन्स जाळीच्या भोकाला लावता येते. मोठ्या लेन्सला ते जमत नाही. तिला जाळीच्या अगदी जवळ नेऊन उघड्या ॲपर्चरवर काढलं तर गज विरघळतात, पण फोटोतला कस थोडा कमी होतोच.

उभ्या दगडासाठी मोबाईल वापरायचा असेल आणि त्यात २एक्स किंवा ३एक्स असेल तर तो वापरून मागे सरकावं. ३एक्स म्हणजे साधारण ७० ते ७५ मिमी. वरचं सगळं गणित त्याला लागू होतं.

अक्षरं लेन्सने वाचता येत नाहीत

झिजलेला लेख वाचायचा असेल तर लेन्सवर पैसे घालवण्याआधी उजेडाकडे बघावं. ऊन समोरून आलं तर कोरलेली अक्षरं सपाट होतात. बाजूने, दगडाच्या पृष्ठभागाला घासत आलं तर प्रत्येक खोबणीत सावली बसते आणि काल न दिसलेली ओळ आज दिसते. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडाला हा उजेड साधारण दुपारच्या आधी मिळतो, पश्चिमेच्या दगडाला दुपार कलू लागताच. उत्तरेकडे तोंड असलेला दगड हिवाळाभर सावलीतच राहतो. त्याला एप्रिल-मे गाठावा. मार्च अखेरीपासून सूर्य पूर्वेच्या थोडं उत्तरेला उगवतो, तेव्हा सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा त्याच्या तोंडावरून तिरकं ऊन सरकतं. जूननंतर ढग येतात आणि संधी जाते.

उन्हाची वाट बघणं शक्य नसेल तर मोठी काळी छत्री धरून दगडावर सावली करावी आणि बाजूने हातभर अंतरावरून साधी एलईडी बॅटरी मारावी. झाडाखालच्या कवडशांवरही छत्रीच इलाज आहे. कवडशांचा फोटो कोणत्याही लेन्सने सुधारत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र अगदी समोरून येतो, त्यामुळे तो नको.

खडू, पीठ, तेल, रांगोळी लावून अक्षरं उठवण्याची सवय काही जणांना असते. ती सोडावी. खडू खोबणीत राहतो, तेल दगडात मुरतं, आणि एका फोटोसाठी कित्येक शतकांच्या दगडाला डाग पडतो. गवतही उपटू नये, हाताने वाकवून धरावं.

ग्रॅनाइट, संगमरवर आणि ऑइलपेंट चकाकतात. त्यासाठी पोलरायझर फिल्टर आहे, पण तो बाजूच्या कोनातून काढलेल्या फोटोत काम करतो. अगदी समोरून काढलं तर फारसा फरक पडत नाही, आणि वर तो बराच उजेड खातो. समोरूनच काढायचं असेल तर आपल्या मागे तेच काळं कापड धरायला सांगावं. दगडात आकाशाऐवजी कापडाचं प्रतिबिंब येतं आणि सोनेरी अक्षरं मोकळी होतात.

खडकीचा उलटा धडा

दापोडी ओलांडली की खडकी लागते. तिथल्या किरकी वॉर सिमेट्रीमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या १,८०० हून अधिक जणांचं स्मारकही तिथेच आहे. त्यांच्या मूळ कबरी भारत-पाकिस्तानातल्या ज्या दफनभूमींमध्ये होत्या, तिथे त्यांची देखभाल शक्य राहिली नव्हती. म्हणजे दगड हलण्याची, हरवण्याची गोष्ट फक्त वीरगळांची नाही.

इथे पसारा अजिबात नाही, सगळं राखलेलं. तरीही लेन्सचा प्रश्न येतोच, कारण एकसारख्या कबरींच्या रांगा हाच इथला पसारा. २०० मिमीने मागच्या रांगा पुढच्या दगडाला चिकटल्यासारख्या दिसतात. किती माणसं गेली हे दाखवायला तो फोटो चांगला, पण एका नावाचा फोटो हवा असेल तर ५० मिमीने, गुडघ्यावर बसून, मागची रांग दगडाआड जाईल अशा बेताने काढावा. परदेशातून आजोबा-पणजोबांच्या कबरीचा फोटो मागणारे लोक असतात. दक्षिण आशियातल्या अशा जुन्या दफनभूमींसाठी १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये 'बाक्सा' नावाची संस्थाच उभी राहिली. त्या कुटुंबांना हवा असतो तो नाव वाचता येणारा एक फोटो, आणि कबर कुठे आहे ते कळेल असा दुसरा. पुन्हा तेच दोन.

निघण्यापूर्वी

परवानगी आधी घ्यावी. कचेरीचं किंवा पोलिसांचं आवार असेल तर तिथल्या अधिकाऱ्याला विचारून, देऊळ असेल तर गुरव किंवा विश्वस्तांना, दफनभूमी असेल तर तिथल्या व्यवस्थेला. देहूरोड आणि खडकी हे लष्करी भाग आहेत. रस्त्यावरून कॅमेरा काढून इकडेतिकडे फिरवणं तिथे महागात पडू शकतं. गावात वीरगळाला देव मानत असतील तर चप्पल काढून, विचारून जावं. अशा वेळी गावातला म्हातारा माणूसच सांगतो की हा दगड आधी ओढ्याकडेला होता. ती माहिती कोणत्याच लेन्समध्ये येत नाही, लिहून घ्यावी लागते.

अलीकडच्या कबरींचे, नावं वाचता येतील असे फोटो घरच्यांना न विचारता पोस्ट करू नयेत.

एका फोटोत दगडाशेजारी मोजपट्टी ठेवावी, नसेल तर शाळेची ३० सेंटीमीटरची पट्टी चालते. नाणं किंवा पेन ठेवू नये, पेनं लहानमोठी असतात. मोबाईलमधल्या होकायंत्राने दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते बघून घ्यावं. फाइलला गावाचं नाव, जागा, तारीख आणि दिशा द्यावी. आणि मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकुंचन पावते, त्यात झिजलेली अक्षरं आधी जातात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.